समग्रमध्ये नवरा अजून घरीच आहे

"समग्र में तो पति आपके साथ ही रह रहा है."

कियॉस्कवाला स्क्रीनवरची नजर न काढता बोलला. समग्र म्हणजे आमच्या मध्य प्रदेशातली कुटुंबांची सरकारी नोंद. आमच्या पोळ्यावाल्या ताईंनी हातातली प्लास्टिकची पिशवी उघडली. मुलीचा जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड आणि घडीवर चिरत आलेलं लग्नाचं निमंत्रण. लग्न झालं याचा कागद होता. नवरा चार वर्षांपूर्वी निघून गेला, याचा कागद कोण देतं?

आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, खाजगी शाळांच्या सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरच्या मुलांसाठी असतात. त्यात मुलीचा नंबर लागावा, म्हणून सकाळची तीन घरं लवकर उरकून त्या आल्या होत्या. अर्ज तसाच राहिला.

रामबागेपर्यंत चालत येताना मी सांगत होते, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, १९८७ च्या कायद्याने बाईला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो. पोटगीसाठीही मिळतो.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वहिनी, वकील फुकट मिळेल हो. पण तारखेच्या दिवशीचा खाडा?"

मला उत्तर सुचलं नाही. गेल्या महिन्यात त्यांचे दोन खाडे मीच कापले होते. तेव्हा त्या कुठे गेल्या होत्या, हेही मी विचारलं नव्हतं.

ते पैसे उद्या परत देणार आहे. बाकीच्या दोन घरी संध्याकाळी बोलते, तारखेचा खाडा कुणीच कापायचा नाही म्हणून.

तुमच्याकडे खाडा कापतात का?