रोहित पाहायला नवी मुंबईला जाताय? आधी तिथी बघा

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचे असतील तर सुट्टी, हॉटेल, लोकलचं वेळापत्रक हे सगळं नंतर. आधी कालनिर्णय उघडा. ऐरोलीची बोट भरतीच्या पाण्यावरच निघते, कारण ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरतो. आमच्या आईने कोकणातला जुना हिशेब लावला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी तेवढेच आणि संध्याकाळीही साधारण तेवढेच. खाडी आत शिरलेली असल्याने ठाण्याकडे पाणी थोडं उशिरा चढतं, ते धरून चाला.

आम्ही फाल्गुनातली दशमी निवडली आणि आदल्या रात्री ठाण्यात मुक्काम केला. पक्षी नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात, पण गर्दी बघायची तर जानेवारीनंतर या. ठाणे स्टेशनात नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गाच्या गाड्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून सुटतात. सकाळी नोकरदारांची गर्दी लोटते, त्यामुळे म्हातारी माणसं सोबत असतील तर जरा लवकरच निघा. ऐरोलीला उतरून रिक्षावाल्याला ‘फ्लेमिंगो सेंटर’ म्हणा. किनारी व सागरी जैवविविधता केंद्र म्हटलंत तर तो गोंधळेल. बोटीचं बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेवा आणि सोमवार टाळा, सोमवारी केंद्र बंद असतं.

बोट कांदळवनाच्या कडेने निघते. पहिली दहा मिनिटं लोक रोहित शोधत बसतात आणि पायाखालची गंमत चुकते. तिवरांची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत जातात. एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती नांगी वर-खाली हलवत उभे असतात. बोट वळली आणि पलीकडे, भांडुपच्या बाजूला, गुलाबी पट्टा दिसला. जवळ गेल्यावर इंजिन बंद केलं तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला, बदकांच्या कलकलाटासारखा पण खालच्या पट्टीतला. मान पूर्ण खाली, चोच उलटी पाण्यात, आणि पाय जागच्या जागी चिखल ढवळतायत. त्या ढवळलेल्या पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव चोचीने गाळून खातात. अंगाचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो. छोटा रोहित गडद चोचीचा, मोठा रोहित उंच आणि फिकट, चोच गुलाबी पण टोक काळं. दोन्ही एकत्र दिसले की फरक पटकन कळतो.

फोटो काढणाऱ्यांनी सकाळचीच फेरी घ्यावी. ऐरोली खाडीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. टोपी आणि पाणी न्या, भडक कपडे नकोत. आणि कृपा करून ‘जरा उडवून दाखवा’ असं नावाड्याला सांगू नका. ओहोटी-भरतीच्या मोजक्या तासांत त्यांना पोट भरायचं असतं, आपल्या व्हिडिओसाठी त्यातला वेळ का घ्यायचा?

फेरीनंतर केंद्रातला देवमाशाचा सांगाडा पाहिला आणि ठाण्याला परतून मामलेदारची मिसळ खाल्ली. तिखट सोसत नसेल तर मध्यम सांगा, तीही झणझणीत असते. संध्याकाळी तलावपाळीला फिरलो, कौपिनेश्वराचं दर्शन घेतलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्यापर्यंत आली होती. ते माहीत असलं की स्टेशनातली रेटारेटी निदान थोडी सुसह्य होते.

दुसऱ्या दिवशी एकादशी, भरती सव्वाआठच्या सुमारास. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की बरेच रोहित नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन विसावतात. म्हणून इथे भरतीच्या वेळीच पोचायचं. ठाण्याहून पनवेल गाडी पकडा, वाशीची नको. सीवूड्सला उतरून रिक्षाने टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा डीपीएस शाळेजवळच्या तलावाशी जा. तिकीट नाही, बोट नाही, बांधावरून पक्षी अगदी जवळ दिसतात. मला स्वतःला हीच जागा जास्त आवडली. ज्यांना बोटीचा खर्च जड जातो किंवा ज्यांच्या आई-वडिलांना बोटीत चढता येत नाही, त्यांनी फक्त सीवूड्स केलं तरी चालेल. शेजारच्या इमारती या तलावांच्या किती जवळ आल्यात तेही दिसतं. येणारं पाणी अडलं की तलाव आटतो आणि पक्षी जातात, म्हणून स्थानिक रहिवासी त्यासाठी सतत भांडत असतात. त्यांपैकी कुणी भेटलं तर बोला, कुठल्या कोपऱ्यात आज थवा आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

मासे खाणाऱ्यांनी परतताना बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा मच्छीबाजार गाठावा. आमची एकादशी असल्याने आम्ही नुसती चक्कर मारली. तुम्ही जाताना मात्र घट्ट झाकणाचा डबा आणि बर्फाची सोय करून जा, लोकलमध्ये वासाने भांडण नको.