हॉर्टचा तास

आपल्या धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे पत्र आले आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढे उभा राहिला तो बुधवारचा दुसरा तास. वेळापत्रकात त्याचे नाव ‘नवा करार : पाठचिकित्सा’, म्हणजे बायबलच्या या भागाच्या जुन्या प्रती ताडून मूळ शब्द ठरवणे, पण आपल्या साऱ्या तुकड्या त्याला ‘हॉर्टचा तास’ म्हणत. सर कोण, हे इथे सांगायला नकोच. चॅपलची घंटा, वसतिगृह, मोठ्या हॉलमधला नाताळचा कार्यक्रम यांवर इतर जण लिहितील. ही पाने सरांची, आणि सरांनी शिष्यांच्या घरातले वडीलधारे करून ठेवलेल्या, एकोणिसाव्या शतकातले केंब्रिजचे पाठचिकित्सक फेंटन जॉन अँथनी हॉर्ट यांची.

‘हॉर्टसाहेब चव्वेचाळिशीत लेक्चरर झाले,’ हे सरांचे पहिल्या तासाचे पहिले वाक्य. जन्म 23 एप्रिल 1828 चा, डब्लिनचा. रग्बीची शाळा, मग केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज. 1851 साली केंब्रिजमध्ये नीतिशास्त्रे आणि निसर्गविज्ञान अशा दोन नव्या पदवी-परीक्षा सुरू झाल्या. हॉर्ट दोन्हींत पहिल्या वर्गात आले, वनस्पतिशास्त्रात तर विशेष चमकले. 1852 मध्ये ट्रिनिटीची फेलोशिप मिळाली आणि 1857 मध्ये लग्नामुळे गेली, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे विवाहिताला फेलो राहता येत नसे. मग हर्टफर्डशायरमधल्या सेंट इपॉलिट्स या खेड्यात पाळकपद. तिथे 15 वर्षे गेली. रविवारचे उपदेश, आजाऱ्यांच्या भेटी, लहान मंडळीचे मोठे प्रश्न, आणि उरलेल्या वेळात नव्या कराराचे ग्रीक पाठभेद. 1872 मध्ये इमॅन्युएल कॉलेजने फेलो आणि लेक्चरर म्हणून केंब्रिजला परत बोलावले. 1878 मध्ये तिथेच धर्मशास्त्राचे हल्सियन प्राध्यापक, 1887 मध्ये त्याच विषयाचे लेडी मार्गारेट अध्यासन, 30 नोव्हेंबर 1892 रोजी देहावसान. हयातीत त्यांच्या नावावर छापलेली पाने थोडीच. बाकीचे बहुतेक त्यांच्यामागे शिष्यांनी आणि स्नेह्यांनी व्याख्यानांच्या टिपणांवरून छापले. सर इथे थांबत आणि म्हणत, ‘कच्चे छापायचे नाही, या एका हट्टापायी.’

त्या हट्टाचा हिशेब सर तारखांनी मांडत. हॉर्ट आणि त्यांचे स्नेही ब्रुक फॉस वेस्टकॉट यांनी नव्या कराराचा ग्रीक पाठ नव्याने ठरवायचे मनावर घेतले ते 1853 साली. काम दोन-तीन वर्षांत उरकेल असा अंदाज होता. पहिला खंड निघाला 12 मे 1881 रोजी आणि हॉर्ट यांनी लिहिलेला प्रस्तावनेचा खंड त्याच सप्टेंबरात. 28 वर्षे! उशीर का झाला, याचे कारणही सर नेमके देत. काम हाती घेतले तेव्हा सिनायटिकस हे प्राचीन ग्रीक हस्तलिखित अभ्यासकांच्या हाती नव्हते. जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फ यांना ते 1859 मध्ये मिळाले आणि छापून आले 1862 मध्ये. व्हॅटिकॅनस या तशाच दुसऱ्या हस्तलिखिताची 1857 ची छापील प्रत चुकांनी भरलेली होती, भरवशाची प्रत आली 1867 मध्ये. म्हणजे मुख्य दोन साक्षीदार निम्म्या वाटेवर कोर्टात हजर झाले आणि सगळा खटला पुन्हा उभा करावा लागला.

दोघांची कामाची रीत तर सरांनी आपल्याकडून गिरवून घेतली. प्रत्येक जागी दोघांनी स्वतंत्रपणे निर्णय करायचा, एकमेकांचा न पाहता. मग कागद जुळवायचे. जिथे जुळले नाही तिथे पत्रे लिहायची, पुन्हा पाहायचे. तरीही मतभेद उरलाच तर दुसरा पाठ समासात द्यायचा, दडवायचा नाही. सर वर्गात दोन-दोनांच्या जोड्या करत आणि मध्ये वही उभी धरायला लावत. शेजाऱ्याचे पाहून लिहिलेले उत्तर बरोबर असले तरी ते सर खोडून टाकत, कारण मग साक्ष एकाचीच उरली.

हॉर्ट यांच्या पद्धतीला तीन फेऱ्या आहेत आणि बहुतेकांची गफलत होते ती दुसरीत. पहिल्या फेरीत एकेक पाठभेद घेऊन तात्पुरता कौल द्यायचा. लेखकाने काय लिहिले असते हा एक प्रश्न, नक्कल करणाऱ्याच्या हातून काय झाले असते हा दुसरा. या दोहोंची उत्तरे पुष्कळदा उलट दिशेला जातात, म्हणून कौल तात्पुरता. दुसऱ्या फेरीत वचने बाजूला ठेवून हस्तलिखितांकडे वळायचे. अशा शेकडो कौलांत कोणती प्रत वारंवार खरी ठरली, कोणत्या प्रती एकाच मुळातून उतरल्या, हे तपासायचे. शंभर प्रती एकाच प्रतीच्या नकला असतील तर ती एकच साक्ष. तिसऱ्या फेरीत साक्षीदारांची पारख घेऊन पुन्हा वचनांकडे यायचे आणि शेवटचा निर्णय द्यायचा. दुसरी फेरी गाळली की माणूस एकतर आपल्या आवडीचा पाठ निवडतो, नाहीतर डोकी मोजतो.

आता तो तास. लूककृत शुभवर्तमानाचे शेवटचे वचन, 24:53. शिष्य मंदिरात देवाचे काय करीत होते? सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात ‘धन्यवाद करीत’, खाली सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस. दुसऱ्यात ‘स्तुती करीत’, खाली कोडेक्स बेझे हे हस्तलिखित आणि काही जुनी लॅटिन भाषांतरे. तिसऱ्यात ‘स्तुती व धन्यवाद करीत’, खाली अलेक्झांड्रिनस हे हस्तलिखित आणि नंतरच्या प्रतींचा प्रचंड गठ्ठा. सरांनी पहिल्या दोन रकान्यांतून तिसऱ्याकडे बाण काढले. समोर दोन्ही पाठ असलेला लेखनिक शास्त्रातला शब्द आपल्या हातून गळू नये म्हणून दोन्ही ठेवतो, यालाच हॉर्ट जोडपाठ मानतात.

मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. ग्रीकमध्ये ‘आइनून्तेस’ आणि ‘एउलोगून्तेस’ या दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच. मग मूळ पाठ लांब असेल आणि लेखनिकाची नजर एका ‘ऊन्तेस’वरून दुसऱ्यावर घसरून शब्द गळाला असेल, असे का नाही? सर खुर्चीवर बसले. बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. मग उठून दोन्ही बाण पुसले आणि म्हणाले, ‘शंका रास्त आहे. पुढच्या बुधवारी.’

पुढच्या बुधवारी सर पिवळ्या कार्डशीटचा तक्ता घेऊन आले. नजर घसरण्याने दुसरा रकाना सुटतो, हे त्यांनी आधी मान्य केले. पहिल्या शब्दाच्या शेवटावरून नजर दुसऱ्याच्या शेवटावर गेली की मागे ‘स्तुती करीत’ एवढेच उरते. पण तशाने ‘धन्यवाद करीत’ हा पहिला रकाना तयार होत नाही. त्यासाठी दुसऱ्याच कुणाची तरी दुसरीच चूक लागते, आणि तीही नेमकी उरलेला शब्द गाळणारी. शिवाय हॉर्ट एका वचनावर विसंबलेलेच नाहीत. त्यांनी अशी आठ वचने दिली, चार मार्कातली, चार लूकातली. आठही सरांच्या तक्त्यावर होती. दर वेळी लांब पाठ त्याच उशिराच्या गठ्ठ्यात, ज्याला हॉर्ट ‘सीरियन’ म्हणतात, आणि तुटक पाठ दोन जुन्या गटांत वाटलेले. उलट दिशेचे उदाहरण त्यांना मिळाले नाही. जोडीला तिसऱ्या शतकाच्या मध्याआधीच्या मंडळीपित्यांच्या, म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांच्या, लेखनात खास या गठ्ठ्याचे पाठ दिसत नाहीत, हा पुरावा. एवढे सांगून झाल्यावर सरांनी पुसलेले बाण पुन्हा काढले. त्या मुलाची शंका तक्त्याच्या समासात पेन्सिलीने आधीच लिहिलेली होती.

योहान 1:18 चेही तसेच. तिथे ‘एकुलता एक पुत्र’ की ‘एकुलता एक देव’? पवित्र नामे संक्षेपाने लिहायची रीत होती, म्हणून जुन्या प्रतींत हा फरक एका अक्षराचा. हॉर्ट यांनी 1876 मध्ये याच दोन शब्दांवर प्रबंध छापून ‘देव’ हा पाठ उचलून धरला. 1956 आणि 1961 मध्ये पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, लिहिलेल्या दोन प्राचीन प्रती प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत ‘देव’ आहे. त्यांतला दुसरा पपायरस, ज्याला पी-75 म्हणतात, लूक आणि योहान यांच्या बाबतीत व्हॅटिकॅनसशी इतका जुळतो की तो पाठ चौथ्या शतकात कुणी घासूनपुसून तयार केला, हा आक्षेपच टिकत नाही. याच पपायरसने हॉर्ट यांचा एक अंदाज चुकवलाही. लूकाच्या शेवटच्या अध्यायातली जी वाक्ये मूळची नव्हेत म्हणून त्यांनी दुहेरी कंसात टाकली होती ती पी-75 मध्ये आहेत. सर हे दोन्ही एकाच तासाला सांगत.

पाठ शुद्ध करणे ही परकी विद्या आहे, असे सरांनी कधी वाटू दिले नाही. शके 1506 मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि पदरची ओवी घालणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा म्हटले, ते सर तोंडपाठ म्हणत. पुण्याला भांडारकर संस्थेत घेऊन जात. तिथले महाभारताचे संपादक सुकथनकर स्वतः केंब्रिजला गणित शिकलेले. त्यांच्या महाभारतात गणपतीने लेखनिक व्हायची कथा मूळ पाठातून काढून परिशिष्टात गेली, ते पान सर उघडून दाखवत. महाभारताच्या प्रती एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे मांडणारी वंशवृक्षाची रीत तिथे जशीच्या तशी चालत नाही, हे सुकथनकरांचे म्हणणेही सांगत. मिसळ झाली की झाड उरत नाही, जाळे होते. नव्या कराराच्या प्रतींनाही हे लागू आहे.

सगळे पाठभेद ऐकून कुणाची श्रद्धा डगमगली की सर हॉर्ट यांचा हिशेब काढत. नव्या करारातले आठांपैकी सात भाग शब्द वादातीत आहेत, आणि अर्थाला खरोखर हात घालणारा फरक फार तर हजारातला एक भाग. सरांमुळे कितीतरी माजी विद्यार्थी आज भाषांतराच्या कामात आहेत, पाळक आहेत, ग्रीक शिकवत आहेत. तळटीप वाचल्याशिवाय त्यांतला एकही उपदेशाला उभा राहत नाही.

आता ग्रीक ऐच्छिक झाले आहे आणि पाठचिकित्सा प्रस्तावनेच्या पेपरात चार तासांत उरकते, असे समजले. मोबाईलवर वचन उघडते, त्याखाली ‘काही जुन्या प्रतींत असे’ एवढी टीप असते. कोणत्या प्रतींत, किती जुन्या, कुणाच्या गटातल्या, हे विचारायची सवय चार तासांत लागत नाही. हे फार वाईट झाले आहे, आणि महोत्सवाच्या वर्षात तो तास परत सुरू व्हावा, ही विश्वस्तांना हात जोडून विनंती.

सरांचा तक्ता अजून ग्रंथालयात आहे. जिन्याखालच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळीत, सर्वांत आतला. कार्डशीट घडीवर फाटायला आली आहे, मागून कापड लावून घ्यायला हवे. आठव्या ओळीत लूक 24:53 आहे. डाव्या समासातली पेन्सिल पुसट झाली असली तरी उजेडाकडे तिरपी धरली की ‘ऊन्तेस’ वाचता येते.