तुम्ही विचारलंत म्हणून : नव्या हाताचा दर

नखांचे सलून चालवणाऱ्या किंवा नुकतेच सुरू केलेल्या मैत्रिणी मला सर्वांत अधिक वेळा जे विचारतात, त्याचा रंगांशी किंवा यंत्रांशी काहीच संबंध नसतो. प्रशिक्षण संपवून नवी नेल टेक्निशियन कामावर रुजू होते, ॲप्रन बांधून टेबलाशी बसते आणि मालकीणबाई दरपत्रकापाशी अडतात : हिच्या कामाचे किती घ्यायचे? पूर्ण दर लावला तर ग्राहक नाराज होईल ही एक भीती, आणि कमी लावला तर बाकीच्या मुली नाराज होतील ही दुसरी.

माझे मत असे आहे की दर कमीच ठेवावा. पण किती कमी, हे तिच्या कामाला आपण मनातल्या मनात देत असलेल्या गुणांवरून न ठरवता ग्राहकाचा किती वेळ जादा जातो यावरून ठरवावे. शिवाय तो दर सवलत म्हणून जाहीर करू नये, दरपत्रकावरची एक वेगळी पायरी म्हणून लिहावा. हे शहाणपण मला आधीपासून होते असे मुळीच नाही.

माझ्याकडे पहिली नवी मुलगी आली तेव्हा मी फारसा विचार न करता तिच्या सगळ्या कामांना निम्मा दर लावला. तिच्या टेबलावर गर्दी झाली आणि मी खूश झाले. तीन महिन्यांनी तिचा हात बसला, फिनिशिंग स्वच्छ येऊ लागले, म्हणून मी दर इतरांच्या बरोबरीला आणला, आणि तिच्या अकरा नियमित ग्राहकांपैकी दोघीच टिकल्या. तेव्हा मला ग्राहकांचा राग आला होता. आज हिशेब मांडला की चूक माझीच दिसते. निम्म्या दरावरून पूर्ण दरावर येणे म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने एका दिवसात दुप्पट वाढ. २० टक्के कमी केलेला दर मूळ जागी आणायला २५ टक्के वाढ लागते, २५ टक्के कमी केलेला आणायला ३३ टक्क्यांहून थोडी अधिक, आणि ५० टक्के कमी केलेला आणायला १०० टक्के. खाली उतरताना जी उडी छोटी वाटते, ती वर चढताना मोठी होते, आणि ती ग्राहकाला भरावी लागते.

त्याहून बोचणारी गोष्ट वेगळीच होती. एके दिवशी सलूनचा फोन मी स्पीकरवर घेतला आणि पलीकडून प्रश्न आला, ‘ती निम्म्या दरातली मुलगी आज आहे का?’ ती मुलगी माझ्यापासून दोन हातांवर बसून कुणाच्या तरी अनामिकेला टॉप कोट लावत होती. तिने मान वर केली नाही, फक्त ब्रश बाटलीच्या काठावर गरजेपेक्षा दोनदा जास्त निथळला. तिचे नाव विसरून दर लक्षात राहावा अशी सोय मीच करून ठेवली होती.

आता वेळेचे. नैसर्गिक नखांवर साधे जेल पॉलिश (लॅम्पच्या उजेडात घट्ट होणारे नेलपॉलिश), तयारीसकट, सरावलेली टेक्निशियन पाऊण ते एक तासात पूर्ण करते. नवीला त्याच कामाला दीड ते दोन तास लागतात. एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे नखांना कृत्रिम लांबी देण्यात, हे अंतर आणखी वाढते : जिथे जुनी दोन तासांत उठते, तिथे नवी साडेतीन तास बसलेली असते. ही जादाची वेळ कुठे जाते हे एकदा शेजारी बसून पाहण्यासारखे आहे. रंग लावण्यात ती जात नाही. ती जाते क्युटिकलच्या (नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या) तयारीत, कडेला ओघळलेले जेल लाकडी काडीने पुसण्यात, आणि दोन्ही हातांचा आकार पुन्हा पुन्हा जुळवून पाहण्यात. डाव्या हाताची पाच नखे सुरेख होतात, मग उजवा हात पहिल्यासारखा येईना म्हणून पहिलाच थोडा आणखी घासला जातो. अंगठ्याची कथा तर प्रत्येकीची सारखीच असते : चार बोटांबरोबर अंगठाही लॅम्पमध्ये घातला की तो आडवा पडतो, जेल एका बाजूला सरकते आणि ते नख पहिल्यापासून करावे लागते. चौथ्यांदा असे झाल्यावर अंगठे वेगळे वाळवायचे असतात हे कायमचे कळते.

ग्राहक या सगळ्या काळात खुर्चीत अडकलेली असते, तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि फोनही उचलता येत नाही. कमी दर हा या अडकण्याचा मोबदला आहे. एकदा हे मनाशी पक्के झाले की दर निम्मा का नसावा हेही आपोआप स्पष्ट होते, कारण उठून गेल्यावर तिच्या बोटांवर जे राहते ते पूर्ण किमतीचेच असले पाहिजे आणि ते दोन-तीन आठवडे टिकलेच पाहिजे. माझा ठोकताळा असा आहे : नवीला जुनीच्या दुप्पट वेळ लागत असेल तर दर मूळ दराच्या सुमारे ७५ टक्के, दीडपट लागत असेल तर ८५ टक्के, सव्वापटीवर आली की ९०. वेळ मोजताना सर्वोत्तम दिवसाची धरू नये. सलग पाच पूर्ण कामांची सरासरी धरावी आणि त्या पाचांत ज्या ग्राहकाची नखे आखूड, कुरतडलेली किंवा वळलेली आहेत अशी निदान एक असावी. हा काही शास्त्रीय नियम नाही, पण मालकीण, टेक्निशियन आणि ग्राहक या तिघींनाही तो समजावून सांगता येतो, आणि दराच्या बाबतीत ते फार उपयोगाचे आहे.

काही जणी म्हणतात की थोडे आणखी कमी केले तर काय बिघडते, खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा बरे. त्यांच्यासाठी कागदावर एक आकडेमोड करून दाखवते. मूळ दर १०० धरा. त्यातले १५ साहित्याला आणि ४० टक्के टेक्निशियनला कमिशन गेले, तर भाडे, वीज आणि बाकी सगळ्यासाठी सलूनकडे ४५ राहतात. आता दर ७० केला, तर कमिशन २८ होते, पण साहित्य १५ चे १५ च लागते, आणि उरतात २७. म्हणजे दर ३० टक्क्यांनी उतरला आणि सलूनचा वाटा ४० टक्क्यांनी. त्यात नव्या हाताला साहित्य जास्तच लागते, एखादे नख काढून पुन्हा केले जाते, आणि हे २७ एका तासाऐवजी दोन तासांत मिळालेले असतात. हा तोटा शिकवण्याचा खर्च म्हणून सलूनने सोसायचा असतो. मात्र तो किती आहे हे माहीत असूनच सोसावा.

हा खर्च टेक्निशियनच्या माथी मारण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. कमी दरावर कमी कमिशन आणि तेही दुप्पट वेळेचे, असे झाले तर त्या मुलीची तासाची कमाई एवढी खाली जाते की ती वेग वाढवायला पाहते, आणि नखांच्या कामात नवा हात घाईला लागला की तो वेळ तयारीतून कापला जातो. म्हणून पहिले काही महिने ठरावीक पगार आणि त्यावर थोडे कमिशन द्यावे. तिला सावकाश काम करणे परवडले पाहिजे.

सावकाशीचा आग्रह मी धरते त्याला कारण आहे. न वाळलेले जेल वारंवार त्वचेला लागले तर त्यातल्या ॲक्रिलेट घटकांची ॲलर्जी जडू शकते, आणि ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. ग्राहकालाही आणि टेक्निशियनलाही. फाइल किंवा ड्रिल जरा जास्त फिरले तर नख पातळ होते, आणि मग लॅम्पमध्ये हात घातल्यावर ग्राहक दचकून तो बाहेर काढते, कारण जेल घट्ट होताना उष्णता सुटते आणि पातळ नखाला ती चटक्यासारखी लागते. काठाशी उचललेल्या जेलखाली ओलावा साठला तर तिथे जिवाणू वाढून नखावर हिरवट डाग पडतात. यातले काहीही ‘तुम्ही कमी पैसे दिले होतेत’ या सबबीखाली बसत नाही. म्हणूनच कमी दराच्या टेबलावर स्वस्त बाटल्या ठेवण्याची कल्पना मला भयंकर वाटते. तसेच एका कंपनीचे जेल आणि कपाटात पडून असलेला दुसऱ्या कुणाचा तरी जुना लॅम्प अशी जोडी नवीच्या वाट्याला देण्याचीही. वरून कडक दिसणारे जेल आतून कच्चे राहू शकते, आणि ते ओळखण्याइतकी तिची नजर अजून तयार झालेली नसते.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. जे काम नवीला नीट येत नाही, त्याचा दर कमी करून ते विकू नये. ते तिच्या यादीतच नसावे. सुरुवातीला नैसर्गिक नखांवरचे जेल पॉलिश, एका रंगाचे काम आणि ॲसिटोनने जुने जेल काढणे एवढेच द्यावे. एक्स्टेन्शन तिने सरावाच्या कृत्रिम हातावर आणि मग सहकारी मुलींच्या हातावर करावे, त्याचे पैसे घेऊ नयेत, आणि तीन आठवड्यांनी रिफिलच्या वेळी (नख वाढून मुळाशी मोकळी झालेली जागा भरताना) ते कसे टिकले आहे हे पाहूनच यादीत टाकावे. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते; त्या वाढीबरोबर तोल पुढे सरकल्यावरच एक्स्टेन्शनची बांधणी खरी की खोटी ते समजते. पहिल्या दिवशीच्या फोटोत सगळीच नखे छान दिसतात.

दरपत्रकावर काय लिहायचे, हेही विचारले जाते. ‘शिकाऊ’ हा शब्द मी वापरत नाही, कारण ग्राहक तो वाचून आपण प्रयोगाचे साधन आहोत असे समजते. ‘ज्युनियर टेक्निशियन’ पुरे आहे, आणि त्याच्यासमोर दराइतक्याच मोठ्या अक्षरात लागणारा वेळ लिहावा. दोन तास लागतील हे आधी वाचून बसलेली ग्राहक दोन तासांनी आनंदाने उठते; न वाचता बसलेली तासाभरातच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागते, ते पाहून समोरच्या मुलीचा हात थरथरतो, आणि करंगळीचे नख बिघडते. सात दिवसांत काही उचलले किंवा तडकले तर विनामूल्य दुरुस्ती, ही ओळ मात्र दोन्ही पायऱ्यांना सारखी असावी.

दर कधी वाढवायचा, हे कामावर ठेवतानाच सांगून टाकावे : वेळेची सरासरी अमुक झाली आणि सलग महिनाभर दुरुस्तीला परतणाऱ्यांचे प्रमाण जुन्या टेक्निशियनइतके आले, की पुढची पायरी. तिच्या नियमित ग्राहकांना दोन भेटी आधी कळवावे, आणि ते तिने स्वतः सांगावे, मालकिणीने नव्हे. माझ्याकडे सध्या जी नवी आहे तिने परवा पहिल्यांदा हे सांगितले. ग्राहकाच्या तर्जनीवर बेस कोट लावता लावता, नजर नखावरच ठेवून, ती म्हणाली, ‘पुढच्या महिन्यापासून माझा दर वाढतोय, पण तुमचा अर्धा तास वाचेल.’ ग्राहक म्हणाली, ‘मग मला आधीची वेळ दे, ऑफिसला पोचता येईल.’