नाताळच्या सुट्टीत आईला रियासत वाचून दाखवली

बडोद्यात शाळांना दिवाळीची सुट्टी एकवीस दिवसांची असते, पण त्यात माझं वाचन कधीच होत नाही. फराळ, पाहुणे, भाऊबीज, की संपली. नाताळची सुट्टी मात्र वेगळी. आमच्या शाळेला 25 डिसेंबर ते 1 जानेवारी मिळते. घरात कुळाचार नसतो, कुणी यायचं नसतं, थंडी छान पडलेली असते. मागे पडलेलं एखादं जाडजूड पुस्तक मी वर्षानुवर्षं याच आठ दिवसांसाठी राखून ठेवत आले आहे.

यंदा सरदेसायांच्या 'मराठी रियासत' या इतिहासग्रंथातलं पानिपत प्रकरण घ्यायचं ठरवलं होतं. 24 तारखेला शाळेतून थेट मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयाचं हे काम उभं केलं. पुस्तकांच्या मजल्यांना तिथे काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. त्या काचेवर पाऊल ठेवताना मला आजही लहानपणीसारखंच वाटतं.

पहिले दोन दिवस नेहमीप्रमाणे रजईत बसून मनातल्या मनात वाचलं. चाळीस पानं झाली आणि गाडी रुतली. सरदारांची नावं एकमेकांत मिसळायला लागली. कोण कुठल्या बाजूला, कोण नदीच्या अलीकडे, काही लक्षात राहीना.

तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत आई लिलवा, म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा, सोलत बसली होती. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचं दिसतं, समोरचं अक्षर दिसत नाही. चार वर्षांत तिने एक पान वाचलेलं नाही. शेंगा मात्र बोटांनी सहज सोलते.

"काय वाचतेयस? मोठ्याने वाच की," ती म्हणाली.

मोठ्याने वाचणं वाटतं तेवढं सोपं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत घसा बसला. जुन्या वळणाची लांब वाक्यं; श्वास कुठे घ्यायचा ते आधी नजरेने हेरून ठेवावं लागतं. हळूहळू जमलं. तांब्यात कोमट पाणी, सकाळी उन्हात दीड तास, रात्री जेवणानंतर एक तास. तासाला अठरा पानं होत, कारण आई मधेच थांबवायची. "थांब. कुंजपुरा वर का खाली?"

मग तिनेच तोड काढली. पितळी ताटात शेंगांची यमुना मांडली. वर कुंजपुरा, मधे पानिपत, खाली बागपत, तळाला दिल्ली. ऑक्टोबर 1760 मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला आणि अब्दाली बागपतजवळ नदी उतरून त्यांच्या नि दिल्लीच्या मधे आला. हे मी शाळेत शिकले होते, पण त्याचा खरा अर्थ मला त्या ताटात कळला. आईने मराठ्यांचे दाणे बोटाने चाचपले आणि म्हणाली, "म्हणजे घरी जायची वाटच बंद झाली गं."

आम्ही वाचत होतो ते दिवसही डिसेंबरचेच. 7 डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात, शत्रूची रसद तोडायला निघालेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत धान्य संपत चाललेलं. मी वाचता वाचता थांबले की आई लगेच म्हणायची, "पुढे." दमाजी गायकवाडांचं नाव आलं की ती ताठ बसायची. आमच्या बडोद्याचे दमाजीराव त्या रणात होते आणि जिवंत परतले, हे तिला आजोबांनी सांगितलेलं.

यात मला एक गोष्ट फार आवडली. गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये महाराजांकडे आले ते रीडर म्हणून, म्हणजे वाचून दाखवण्याच्याच कामावर. पुढे राजपुत्रांना इतिहास शिकवायला काढलेल्या टिपणांतून रियासत उभी राहिली. तोच ग्रंथ, जिथे तो घडला त्याच गावात, मी माझ्या आईला वाचून दाखवत होते. हे सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही.

1 जानेवारीच्या रात्री साठेक पानं उरली. शाळा सुरू झाली, सकाळची बैठक गेली, रात्रीची राहिली. पुस्तकाची मुदत मी वाढवून आणली. खरी लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणजे आपल्या उत्तरायणाचीच तारीख. मला वाटलं, तो भाग त्याच दिवशी वाचावा. आईने नको म्हटलं. गच्चीवर गाणी असतात, पोरं ओरडत असतात, त्यात हे नको.

म्हणून 12 तारखेच्या रात्री संपवलं. विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले. मी पुस्तक मिटलं. आईने अंधारातच म्हणायला सुरुवात केली, शाळेत पाठ केलेली पानिपतच्या पराभवाची ती सांकेतिक चिठ्ठी: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर मोजदादच नाही. मग तिने विचारलं, पुढचा खंड लायब्ररीत आहे का.