मुंबईहून वारीला जाताना: पायांआधी रीत

मुंबईतून माउलींच्या पालखीत येणाऱ्यांचे दोन प्रकार. पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा चालून रात्री उशिरा दादरला परतणारे, आणि आळंदी ते पंढरपूर असे सुमारे अडीचशे किलोमीटर दिंडीबरोबर जाणारे. आम्ही दुसऱ्यांतले, लालबाग-परळकडचे. पायांची तयारी दोघेही करतात. वारीची रीत मात्र फारसं कुणी विचारून घेत नाही, आणि घोटाळे तिथेच होतात. वारीत माणसाने माणसाशी कसं वागायचं हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलेलं नाही. नमस्कार कसा करायचा, गप्प कधी व्हायचं, तक्रार कशी मांडायची, सगळं ठरलेलं आहे. तुमची श्रद्धा किती खोल हे कुणी तपासत नाही. रीत पाळलीत की दोन दिवसांत तुम्ही दिंडीतले होता.

आधी सामानाचं. दिंडीप्रमुखांकडे भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवण, राहुटी आणि ट्रकमध्ये पिशवीला जागा मिळते. पिशवीवर नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक ऑइलपेंटने लिहा. क्रमांक पालखीच्या रथापुढचा की रथामागचा हेही लिहा. रथापुढे २७ दिंड्या असतात, मागे त्याहून पुष्कळ, आणि दोन्हीकडचे आकडे तेच. ‘दिंडी क्रमांक १२’ एवढंच लिहिलेली पिशवी भलत्याच तळावर सापडते. ट्रक पालखीच्या आधी निघतो आणि पुढच्या मुक्कामी जाऊन थांबतो, म्हणून रेनकोट, औषधं, तांब्या आणि एक कोरडा जोड खांद्यावरच ठेवायचा. नवे बूट घालून येऊ नका. पावसात मोजे भिजतात, ओली कातडी घासली जाते आणि तिसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो. फोड आलाच तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी मात्र ओढू नका.

आता गाण्याचं. आपल्याकडचे बरेचसे लोक मूळचे कोकणातले. पेटी, डबलबारीची भजनं, लोकलच्या डब्यात पत्र्यावर धरलेला ठेका यांवर त्यांचा कान तयार झालेला. दिंडीत पेटी नसते. वीणा, टाळ आणि मृदंग, बस्स. अभंग तोच असला तरी चाल वारकरी असते, आणि पहाटेच्या काकड्यापासून संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत कोणत्या वेळी काय म्हणायचं हेही ठरलेलं. आवाज चांगला असलेले मुंबईकर पहिल्याच सकाळी आपली चाल उचलतात आणि शेजारचा टाळकरी नुसता बघतो. रागावत नाही, हे त्याचं मोठेपण. पहिले दोन दिवस ध्रुपद, म्हणजे अभंगाची परत परत येणारी ओळ, धरून मागे म्हणा. वीणेकऱ्याला ओलांडून जाऊ नका, वीणेकरी आणि टाळकरी यांच्या मधून वाट काढू नका. वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. ती हातातून हातात जाते, आणि घेणारा आधी नमस्कार करतो. फोटोसाठी ओळीपुढे उलटे चालणारे हल्ली फार वाढलेत. मागून येणारी ओळ थांबत नाही, त्यामुळे धक्का बसून पडतातही तेच.

सगळ्यात अवघडल्यासारखं होतं ते नमस्काराने. आजीच्या वयाची बाई वाकून तुमच्या पायाला हात लावते. आपण ‘अहो, नको नको’ म्हणत मागे सरकतो. आपल्या लेखी तो विनय असतो, पण तिच्या दृष्टीने आपण नमस्कार नाकारलेला असतो. तिने वाकायला सुरुवात केली की आपणही वाकायचं, दोघांचे हात एकमेकांच्या पायांना लागले पाहिजेत. वय, पैसा, हुद्दा मध्ये येत नाही. घरी वडीलधाऱ्यांपुढे लहानांनी वाकायचं ही शिस्त लहानपणापासून अंगात भिनलेली असते, त्यामुळे हे जमायला वेळ लागतो.

पुणे ते सासवड हा सर्वांत लांब टप्पा, मध्ये दिवे घाट. बहुतेक वर्षी तो ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो, म्हणजे सगळ्यात जास्त चाल नेमकी उपासाच्या दिवशी. मुंबईकर सकाळी तुपकट साबुदाणा खिचडी भरपूर खातो आणि घाटात त्याला मळमळतं. थोडं थोडं खा. शेंगदाणे, केळी, राजगिऱ्याचा लाडू आणि मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी पुरतं. एका दिवसासाठी आलेले लोक घाटाच्या पायथ्याशी दमलेले असतात ते बहुधा यामुळेच.

मुक्कामाची समाजआरती चुकवू नये. सगळ्या दिंड्या तळावर पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंग टिपेला पोचतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणारा चोपदार दंड उंचावून ‘होऽ’ करतो आणि एवढा मोठा तळ एकदम शांत होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, त्यानंतर आरती. पण एखाद्या दिंडीला काही गाऱ्हाणं असेल तर ती टाळ थांबवत नाही. बाकी सगळे गप्प आणि एकाच कोपऱ्यातून टाळ. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, तोड निघाली की टाळ थांबतात. अर्ज नाही, आरडाओरडा नाही, आणि दुर्लक्ष करायची सोयही नाही. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत असं काही असतं तर किती बरं झालं असतं.

गावकऱ्यांनी पुढे केलेली भाकरी ‘पोट भरलंय’ म्हणून परत करू नये. घास-दोन घास प्रसाद म्हणून घ्या, पण पानात टाकू नका. वाढणाऱ्या घरासाठी ती वर्षाची सेवा असते. तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हे ऐकून आपल्याकडचे काही जण चकित होतात. तिकडच्या वारकऱ्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

तरीही वारीत सगळे समान, हे वाक्य सरसकट म्हणू नये. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ, देवळाच्या बाहेर आहे. देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. वाटेवर एकमेकांना माउली म्हणणारा समाज देवळाच्या दारात वेगळा वागत होता. माझ्या मते वारीची रीत शिकताना हेही शिकायला हवं. नाहीतर आपण नुसतं कौतुक घेऊन घरी येतो.

पंढरपुरात पोचल्यावर मुंबईकराचा पहिला प्रश्न, ‘दर्शनाची रांग कुठे?’ सिद्धिविनायकाची सवय. जुने वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, कळसाला हात जोडतात आणि वारी पोचली म्हणतात. पदस्पर्शाचं दर्शन हवंच असेल तर गर्दी ओसरल्यावर जा. ज्यांना निघताच येत नाही त्यांच्यासाठी वडाळ्याचं विठ्ठल मंदिर आहेच. आषाढीला मध्य मुंबईतून दिंड्या तिथे चालत जातात, आणि नमस्काराची रीत तिथेही हीच.

परतीचं तिकीट काढताना एक करा. बरेच जण एकादशीच्या रात्रीचं काढतात आणि गोपाळपूरचा काला चुकवतात. तो पौर्णिमेला असतो. लाह्या-दह्याचा काला जो तो शेजारच्याच्या तोंडात घालतो, शेजारी कोण हे न विचारता. त्यानंतर एसटीने कुर्डुवाडी गाठा, तिथून मुंबईच्या गाड्या मिळतात. आरक्षण मात्र निघायच्या आधीच करून ठेवा, त्या दिवसांत जनरल डब्यात पाय ठेवायलाही जागा नसते.