फुलपात्र

मे महिन्यातल्या एका दुपारी लेकीनं हॉटेलात निळं मॉकटेल मागवलं. किंमत 280 रुपये. वेटरनं बरोबर आणलेल्या चिमुकल्या बाटलीतून लिंबाचा रस ओतला आणि निळ्याचं बघता बघता जांभळं झालं. लेक आणि तिच्या दोन्ही मैत्रिणींनी मोबाइल काढले. मी मात्र वर तरंगणारं सुकलेलं फूल चमच्यानं उलटसुलट करून पाहत होते. चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही, असं काहीसं झालं होतं. घरी आले, गॅलरीचं दार उघडलं आणि ओळख पटली. ही तर आमची गोकर्ण!

आमच्या ग्रिलवर चढलेली गोकर्णीची वेल सासूबाईंची. पाणी मी घालते, मालकी त्यांची. सकाळी उमललेली फुलं त्या तबकात घेतात आणि ती थेट महादेवाला जातात. त्यामुळे "आई, आज मला दहा-बारा फुलं हवीत" म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"कुठली पूजा काढलीस?"
"सरबत करायचंय."
त्यांनी तबकातली सात फुलं स्वतःकडे ठेवली आणि पाच मला मोजून दिली. वर बजावलं, "शेंगा नको हो टाकूस. बी पोटात गेलं तर जुलाब लागतील."

पाच फुलांत काही होत नाही, हे दोन दिवसांत कळलं. मग तीन दिवस थोडी थोडी साठवून सावलीत वाळवली. फुलाच्या बुडाशी असलेली हिरवी टोपी काढून टाकायची, नाहीतर गवताचा वास येतो. कपभर गरम पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवलं. झाकण काढलं तर आत शाईच्या दौतीसारखा निळा! इतका निळा रंग स्वयंपाकघरात मी कधी पाहिला नव्हता. हळदीचा पिवळा, कोकमाचा लाल, पालकाचा हिरवा हे सगळे ओळखीचे, पण खायच्या पदार्थात निळा म्हणजे काहीतरी बिघडलंय असंच आपल्याला वाटतं.

पहिल्या दिवशी मी अतिउत्साहात त्या गरम पातेल्यातच लिंबू पिळलं. झालं. मैत्रिणी येईपर्यंत सगळंच्या सगळं गुलाबी-जांभळं होऊन बसलं होतं. मी "आधी हे निळं होतं" असं सांगत राहिले आणि त्या "हो का, काकू" म्हणत पातळ कोकम सरबत समजून पीत राहिल्या.

या रंगबदलाचं गुपित शाळेतल्या लिटमस कागदाचंच आहे. गोकर्णाच्या पाकळ्यांत अँथोसायनिन जातीची रंगद्रव्यं असतात. लिंबातलं आम्ल भेटलं की त्यांच्या रेणूंची ठेवण बदलते आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. लेकीनं उरलेल्या पाण्यात खायचा सोडा टाकून पाहिला, तर ते हिरवट झालं. तो प्याला अर्थात मोरीत गेला. थायलंडमध्ये हेच निळं पाणी लिंबू पिळून गारेगार पितात, तिथे त्याला नाम अंचन म्हणतात. आपल्याकडे मात्र त्याच फुलाला देव्हाऱ्यापलीकडे वाट नव्हती.

(लेक याला मॉकटेलच म्हणते. कॉकटेलची नक्कल ते मॉकटेल. गंमत अशी की सरबत आणि शराब हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेत, अर्थ नुसता ‘पिणं’. म्हणजे आपलं सोवळं सरबत दारूची नक्कलबिक्कल करत नाही. ते तिचं सख्खं भावंड आहे.)

दुसऱ्या खेपेला थर लावायचे ठरवले. वाटीभर साखरेला वाटीभर पाणी घालून पाक केला, त्यात दोन कागदी लिंबं पिळली. साल दाबून दाबून पिळलं की कडवटपणा उतरतो, म्हणून हात आवरता घेतला. हे मिश्रण जड, ते ग्लासच्या तळाशी. वर काठोकाठ बर्फ. मग गार झालेलं निळं पाणी पळीच्या पाठीवरून अगदी हळू सोडलं. पळी देवघरातली, आईंना न सांगता उचललेली. खाली पिवळसर, मध्ये जांभळी रेघ, वर गडद निळं. इतकं देखणं की मीच दोन मिनिटं नुसती बघत उभी होते.

मग एक घोट घेतला.

वरचा निळा थर म्हणजे मटार उकडलेलं पाणी. गोकर्ण शेवटी शेंगांच्याच कुळातली, तिला ना वास ना चव. आणि तळाशी पोचलं की आंबटगोड पाक घशाला लागतो. चांगलं लागायला ढवळायला हवं आणि ढवळलं की थर गेले. म्हणजे ग्लास जितका वेळ सुंदर, तितका वेळ बेचव. हॉटेलातल्या 280 रुपयांतले बरेचसे त्या दोन मिनिटांचेच असणार.

फुलांचं सरबत म्हणायचं आणि फुलाचा वासच नाही, ही रुखरुख आईंनी मिटवली. त्यांच्या माहेरी, कोल्हापूरला, उन्हाळ्यात माठात मोगऱ्याच्या कळ्या टाकत. कळ्या घरच्या झाडाच्याच हव्यात, बाजारातल्या गजऱ्यावर काय फवारलेलं असेल सांगता येत नाही. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या गार पाण्यात सोडायच्या, रात्रभर त्या पाण्यातच उमलतात, सकाळी आठवणीनं काढून टाकायच्या. त्या पाण्याचा आम्ही बर्फ केला. तो विरघळत गेला तसा शेवटच्या घोटापर्यंत मोगरा येत राहिला.

लिंबांची टोपली पाहून आईंना अंबाबाई आठवली. "देवीच्या एका हातात महाळुंग आणि एका हातात पानपात्र. तुमच्या आधी तिनं सगळी तयारी करून ठेवलीय." महाळुंग म्हणजे लिंबाच्याच गोतातलं ते जाड सालीचं मोठं फळ, आणि पानपात्र म्हणजे प्यायचं भांडं. मला हे मूर्तीचं वर्णन तोंडपाठ होतं, पण दोन हातांतल्या दोन गोष्टी अशा जोडून मी कधी पाहिल्या नव्हत्या.

मी त्यांच्यासाठी उंच काचेचा ग्लास सजवला, वर एक गोकर्णाचं ताजं फूल ठेवलं. त्यांनी फूल उचलून देवापुढे नेऊन ठेवलं, परत आल्या, आणि सगळे थर त्यांच्या रोजच्या स्टीलच्या फुलपात्रात उपडे केले. लेक "आजी, थांब ना!" म्हणेपर्यंत चमचा फिरलाही होता. आयुष्यभर फुलपात्रातून पाणी प्यायले, पण त्यात फुलांचं काही ओतलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

घोट घेऊन त्या क्षणभर थांबल्या. "मीठ विसरलीस."

फुलपात्रात रंग दिसतच नव्हता. मीठ मात्र खरंच राहिलं होतं.