तुम्ही विचारलंत म्हणून: साथ चालू असताना संप का केलात?

"आशाताई, संपाला आमची ना नाही, पण माणसं मरत असताना?" हे मला अजून विचारतात. लग्नात, एसटीत, एकदा तर दवाखान्याच्या दारात. जून 2021 मध्ये राज्यातल्या आशांनी, म्हणजे गावोगाव घरभेटी देणाऱ्या आमच्यासारख्या आरोग्य स्वयंसेविकांनी, काम बंद ठेवलं, त्यात मीही होते, म्हणून.

आधी पैशांचं सांगते. तेव्हा ठरलेली थोडी रक्कम सोडली तर आम्हाला कामागणिक मिळायचं. बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत सहा भेटी दिल्या की 250 रुपये. लॉकडाऊनमध्ये लोक बाळाजवळ फिरकू देईनात, ते पैसे आटले. वर कोरोनाचा सर्व्हे लागला. त्याचे केंद्राकडून महिन्याला हजार, म्हणजे दिवसाला 33 रुपये.

सर्व्हे म्हणजे काय, तर खुरपून आलेल्या म्हातारीचं बोट घट्टे पडलेलं, ऑक्सिमीटर आकडा दाखवेना. मग तिचा हात हातात घेऊन चोळायचा, थांबायचं, परत लावायचं. अंतर ठेवा म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. आणि तिचीच सून म्हणणार, "ताई, तुम्ही घरोघर फिरता, पायरीखालीच उभ्या राहा."

या कामाला बाईच लागते, नियमच तसा. गावातच राहणारी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, शक्यतो 25 ते 45 वयाची. 2005 मध्ये योजना आली तेव्हाच धरून चाललेलं, की ही घरचं आवरून दोन-चार तास फिरेल, चूल नवऱ्याच्या कमाईवर पेटेल. पुरुषाला असं गृहीत धरून कुणी कामाला लावल्याचं मी तरी बघितलं नाही. लॉकडाऊनमध्ये नवऱ्याची मजुरी बंद, पोरं घरात, आणि मी अंघोळ केल्याशिवाय मला कुणी पाण्याचा तांब्याही देईना. भाकऱ्या मात्र मीच थापायच्या. त्यातून कोरोना जात नसावा.

15 जूनला संप सुरू झाला. आठ-नऊ दिवसांत सरकारने हजाराची वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता मान्य केला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

मग 2024 च्या सुरुवातीला पुन्हा मानधनवाढीसाठी संप झाला. तेव्हा साथ नव्हती. आझाद मैदानावर बायका आठवडेच्या आठवडे बसून होत्या, आणि "आत्ताच का?" असं विचारायलाही कुणी आलं नाही.